वऱ्हाड नेमकं कोणाचं होतं? निजाम, भोसले आणि इंग्रजांच्या सव्वादोनशे वर्षांच्या भांडणाची गोष्ट

बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी सोनाळा हे गाव आहे. समजा, १९३० साली या गावातल्या एखाद्या शेतकऱ्याला कोणी विचारलं असतं, "तुमच्यावर राज्य कोणाचं?" तर त्याने बहुधा "इंग्रजांचं" असं सांगितलं असतं. तो शेतसारा इंग्रज सरकारच्या तहसिलीत भरत होता. त्याचे कज्जे इंग्रजी कायद्याप्रमाणे चालत होते आणि वरचे हुकूम नागपूरहून येत होते.

पण कायद्याच्या पुस्तकात उत्तर वेगळं होतं. सोनाळा ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हतंच. सोनाळा, शेगाव, खामगाव, अकोला, अमरावती, यवतमाळ हा सगळा वऱ्हाड प्रांत कागदोपत्री हैदराबादच्या निजामाचा होता आणि इंग्रजांनी तो कायमच्या भाडेपट्ट्याने घेतला होता. वर्षाचं भाडं होतं २५ लाख रुपये.

एक अख्खा प्रांत भाड्याने कसा काय दिला जातो? मालक एक आणि राज्य करणारा दुसराच, हे घडलं कसं? आणि ज्यांच्या जमिनीवर हा व्यवहार झाला, त्या लोकांना कोणी विचारलं का?

थोडक्यात सांगायचं तर

- १७२४ पासून वऱ्हाडवर निजामाचा दावा होता. त्याच काळात नागपूरचे भोसलेही इथून वसुली करायचे. या दुहेरी अमलाला 'दोअमली' म्हणत.
- १८०३ मध्ये भोसले हरले आणि वऱ्हाड निजामाच्या पदरात पडलं.
- १८५३ मध्ये फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी इंग्रजांनी वऱ्हाडचा कारभार आपल्याकडे घेतला. १९०२ मध्ये तो कायमचा झाला. मालकी मात्र निजामाचीच असल्याचं इंग्रज लिहून देत राहिले.
- हीच पद्धत इंग्रजांनी त्याच काळात इराणच्या आखातातल्या अरब शेखांच्या बाबतीतही वापरली.
- १९४७ मध्ये निजामाने वऱ्हाडचा प्रश्न पुन्हा काढला. तो संपला तो हैदराबाद संस्थानासोबतच.

आधी एक शब्द समजून घेऊ: सार्वभौमत्व

पुस्तकात 'सार्वभौमत्व' हा शब्द जड वाटतो. गावच्या भाषेत तो सोपा आहे. सातबाऱ्यावर नाव एकाचं असतं आणि वहिवाट दुसऱ्याची. नाव असलेला म्हणतो जमीन माझी. वाहणारा म्हणतो, पीक तर मी घेतो. जोपर्यंत दोघांचं पटतं, तोपर्यंत काही अडत नाही. वाद झाला की मात्र दोघेही कागद काढतात.

राज्यांचंही असंच असतं. एखाद्या प्रदेशावर शेवटचा हक्क कोणाचा, म्हणजे नाव कोणाचं, हे सार्वभौमत्व. कर कोण गोळा करतो, फौज कोणाची, न्याय कोण देतो, ही वहिवाट. वऱ्हाडमध्ये नाव आणि वहिवाट या दोन गोष्टी जवळजवळ कधीच एका हातात नव्हत्या.

सुरुवात झाली साखरखेर्ड्यात

वऱ्हाड हा जुना सुभा. इमादशाही, मग अहमदनगरची निजामशाही अशी राज्यं इथे झाली. १५९६ मध्ये अहमदनगरच्या चांदबिबीने तहात वऱ्हाड अकबर बादशहाला दिलं आणि तो मोगलांच्या दख्खनमधल्या सुभ्यांपैकी एक झाला.

औरंगजेबानंतर मोगल सत्ता ढिली पडली. दख्खनचा सुभेदार निजाम-उल्-मुल्क याला दिल्लीचं जू नको होतं. दिल्लीने त्याच्याविरुद्ध मुबारिझ खानाला उभं केलं. दोघांची गाठ पडली ती आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्डा इथे, ऑक्टोबर १७२४ मध्ये. मुबारिझ खान मारला गेला. निजाम नावाला मोगलांचा सुभेदारच राहिला, पण त्या दिवसापासून दख्खनमध्ये तो आपल्या मर्जीचा मालक झाला. हैदराबादच्या आसफजाही राज्याची सुरुवात इथूनच मोजली जाते.

म्हणजे पुढे दोन शतकं चाललेल्या या वादाची पहिली लढाई बुलढाणा जिल्ह्यातच झाली होती.

एक प्रांत, दोन वसुलीदार

निजाम जिंकला, पण वऱ्हाड त्याच्या एकट्याचं झालं नाही. १७१९ मध्येच मराठ्यांना मोगल बादशहाकडून दख्खनच्या सहा सुभ्यांवर चौथ आणि सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या होत्या. चौथ म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे आणखी दहावा हिस्सा. छत्रपती शाहूंनी वऱ्हाडची ही वसुली नागपूरकर भोसल्यांकडे सोपवली. सेनासाहेबसुभा रघूजी भोसले यांच्या काळात भोसल्यांचे कामाविसदार वऱ्हाडभर पसरले.

आता गावात दोन सरकारं आली. एक निजामाचं, एक भोसल्यांचं. दोघांचे अंमलदार वेगळे आणि दोघांचा वाटा वेगळा. याला दोअमली म्हणत. निजाम म्हणायचा, सुभा माझा, मराठे फक्त हिस्सेदार. भोसले म्हणायचे, फौजफाटा आमचा, वसुली आमची. पाटील-देशमुखांना दोघांनाही सांभाळावं लागे, आणि शेवटी दोघांचंही कुळाच्याच अंगावर पडे.

निजामाच्या मुलखाला इथले लोक 'मोगलाई' म्हणत. मनमानी कारभार दिसला की आजही मराठी माणूस "मोगलाई लागून गेली काय?" असं विचारतो, त्यात त्या दिवसांची आठवण आहे.

१८०३: आडगावची लढाई आणि देवगावचा तह

दुसरं इंग्रज-मराठा युद्ध १८०३ मध्ये पेटलं. असईला शिंदे-भोसल्यांचा पराभव करून इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली वऱ्हाडात शिरला. हाच पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन.

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी आडगावला लढाई झाली. इंग्रजी पुस्तकांत तिला 'अरगाव'ची लढाई म्हणतात. हे आडगाव अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात आहे, म्हणजे सोनाळ्याच्या शेजारच्याच तालुक्यात. पंधरवड्यात, १५ डिसेंबरला, चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला. १७ डिसेंबरला दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी देवगावच्या तहावर सही केली. वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख त्यांना सोडावा लागला. गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले तेवढे त्यांच्याकडे राहिले.

इंग्रजांनी हा जिंकलेला मुलूख १८०४ मध्ये आपल्या मित्राला, म्हणजे निजामाला दिला. दोअमली संपली. आता नावही निजामाचं आणि वहिवाटही निजामाची. पण हे सुख पन्नास वर्षंही टिकलं नाही.

१८५३: फौज इंग्रजांची, बिल निजामाचं

झालं असं की निजामाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केलेला होता. त्याच्या जोडीला 'हैदराबाद कंटिंजंट' नावाची आणखी एक फौज उभी राहिली. तिचे अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रज रेसिडेंटचा आणि खर्च मात्र निजामाच्या खजिन्यातून. खर्च वाढत गेला आणि खजिना आटत गेला. पगार थकले की कंपनी सरकार पैसे देई आणि ते निजामाच्या नावावर कर्ज म्हणून चढत जाई.

गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसीने शेवटी तगादा लावला. पैसे द्या, नाहीतर मुलूख द्या. निजाम नासिर-उद्-दौला तयार नव्हता. रेसिडेंट कर्नल लो याच्याशी बोलणी झाली, दबाव आला आणि २१ मे १८५३ रोजी तह झाला. वऱ्हाड, धाराशिवचा भाग आणि रायचूरचा दोआब इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्यानंतर काही दिवसांतच निजामाचा दिवाण सिराज-उल्-मुल्क वारला आणि त्याचा तरुण पुतण्या सालारजंग दिवाण झाला.

या तहातली खुबी नीट बघा. वऱ्हाड इंग्रजांनी खालसा केलं नाही. पुढच्याच वर्षी याच डलहौसीने नागपूरचं भोसल्यांचं राज्य वारस नाही म्हणून खालसा केलं. वऱ्हाडबाबत मात्र तहात असं ठरलं की मालक निजामच, इंग्रज फक्त विश्वस्त. ते महसूल गोळा करणार, त्यातून फौजेचा खर्च भागवणार, दरवर्षी हिशेब देणार आणि उरलेली रक्कम निजामाला परत करणार.

१८५७ च्या उठावात हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने राहिलं. त्याचं बक्षीस म्हणून १८६० च्या तहात धाराशिव आणि रायचूर दोआब परत मिळाले, सुमारे ५० लाखांचं कर्जही माफ झालं. वऱ्हाड मात्र परत मिळालं नाही. उलट, वऱ्हाडचा हिशेब मागण्याचा हक्क निजामाने सोडला. म्हणजे शिल्लक किती राहिली, हे आता इंग्रजच सांगणार.

का सोडलं नाही इंग्रजांनी वऱ्हाड?

एका शब्दात उत्तर: कापूस. "वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड" ही म्हण उगाच आलेली नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना. मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानच्या काळ्या मातीकडे वळली. मुंबईहून नागपूरला जाणारी जीआयपी रेल्वे वऱ्हाडच्या मधून गेली. खामगाव कापसाची मोठी बाजारपेठ बनलं. १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आला, इतकं त्या बाजाराचं महत्त्व होतं.

सालारजंगने वऱ्हाड परत मिळवण्याचे प्रयत्न सोडले नाहीत. फौजेच्या खर्चाएवढं व्याज येईल इतकी रक्कम एकदम देतो, मग तारणाची गरजच काय, असा त्याचा प्रस्ताव होता. युक्तिवाद बिनतोड होता. कर्ज फेडलं की तारण सुटतं, हा सावकारीचाही नियम आहे. १८७६ मध्ये तो इंग्लंडलाही जाऊन आला. पण इंग्रजांनी उत्तर टाळलं. निजाम अजून लहान आहे, तो मोठा झाला की बघू, असं सांगितलं. १८८३ मध्ये सालारजंग वारला आणि प्रश्न तसाच राहिला.

हाच खेळ अरबांच्या किनाऱ्यावर

वऱ्हाडमध्ये इंग्रज जे करत होते, ते फक्त वऱ्हाडपुरतं नव्हतं. समुद्रापलीकडे इराणच्या आखातात त्याच पद्धतीचा खेळ चालू होता आणि तोही हिंदुस्थानातूनच.

आज ज्याला आपण दुबई, अबू धाबी, शारजा म्हणतो, ती तेव्हा मोती काढणाऱ्या आणि जहाजं चालवणाऱ्या अरब टोळ्यांची बंदरं होती. त्यांच्या शेखांवर मुंबई सरकारने १८०९ आणि १८१९ मध्ये आरमारी मोहिमा पाठवल्या. १८२० मध्ये शेखांशी पहिला सर्वसाधारण तह झाला. ४ मे १८५३ रोजी 'कायमचा सागरी शांतता तह' झाला. वऱ्हाडचा तह झाला २१ मे १८५३ ला. दोन्हींमध्ये अवघ्या सतरा दिवसांचं अंतर आहे. आखातातला इंग्रज रेसिडेंट बुशेहर बंदरात बसायचा आणि १८७३ पर्यंत तो मुंबई सरकारच्या हाताखाली होता.

इथे इंग्रजांचे प्रतिस्पर्धी वेगळे होते. तुर्कांचं ऑटोमन साम्राज्य म्हणायचं, अरबी किनारा आमचा. १८७१ मध्ये बगदादचा वाली मिधत पाशा याने फौज पाठवून अल्-हसा भाग घेतला, कुवेत आणि कतारच्या शेखांना तुर्की हुद्दे दिले. इराण बहरीनवर हक्क सांगत होतं. फ्रान्स मस्कतमध्ये कोळशाचं ठाणं मागत होतं. जर्मनीला आपली बगदाद रेल्वे आखातापर्यंत आणायची होती.

इंग्रजांनी यावर काय केलं? हे मुलूख जिंकून आपल्या नकाशात रंगवले नाहीत. शेखांना सांगितलं, तुम्ही स्वतंत्रच आहात, फक्त आमच्याशिवाय कोणाशी करार करू नका, कोणाला जमीन देऊ नका. १८९२ मध्ये किनाऱ्यावरच्या शेखांनी हे लिहून दिलं. २३ जानेवारी १८९९ ला कुवेतच्या शेख मुबारकने गुप्त करारात हेच मान्य केलं आणि त्याबदल्यात त्याला १५ हजार रुपये मिळाले. हो, रुपयेच. आखातात हिंदुस्थानी रुपया चालायचा, आणि स्वातंत्र्यानंतरही पुढे १९६० च्या दशकापर्यंत तो चालत राहिला.

वऱ्हाडमध्ये इंग्रज म्हणत, मालक निजाम आहे. आखातात म्हणत, मालक शेख आहेत. दोन्हीकडे नाव दुसऱ्याचं ठेवण्यात फायदा होता. आखातात शेख 'स्वतंत्र' आहेत म्हटलं की तुर्कांचा आणि इराणचा दावा आपोआप बाद होत होता. वऱ्हाडमध्ये निजाम 'मालक' आहे म्हटलं की सगळ्यात मोठं संस्थान दुखावत नव्हतं. वहिवाट दोन्हीकडे इंग्रजांची होती.

१९०२: कर्झन येतो आणि पट्टा कायमचा होतो

या दोन्ही गोष्टींना जोडणारा माणूस म्हणजे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन. कुवेतचा करार झाला तेव्हा त्याला पदावर येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. १९०२ मध्ये तो हैदराबादला गेला आणि निजाम महबूब अली खान याच्याशी वऱ्हाडबद्दल समोरासमोर बोलला. ५ नोव्हेंबर १९०२ रोजी करार झाला.

कलमं अशी होती. वऱ्हाडवर निजामाचं सार्वभौमत्व आहे हे इंग्रजांना मान्य. निजाम वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांना देतो. त्याबदल्यात वर्षाला ठरावीक २५ लाख रुपये. त्यातूनही आधीच्या कर्जाचे हप्ते कापले जाणार होते. आणि ज्या फौजेच्या खर्चासाठी १८५३ मध्ये वऱ्हाड घेतलं होतं, ती हैदराबाद कंटिंजंट हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली. म्हणजे तारणाचं कारणच उरलं नाही, तारण मात्र कायमचं गेलं.

करारानंतर निजामाला 'जीसीबी' हा मानाचा किताब मिळाला. या तीन अक्षरांचा अर्थ 'गेव्ह कर्झन बेरार', म्हणजे 'कर्झनला वऱ्हाड देऊन टाकलं' असा आहे, हा विनोद तेव्हापासून सांगितला जातो.

१ ऑक्टोबर १९०३ पासून वऱ्हाडचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटकडून काढून नागपूरला मध्य प्रांताच्या चीफ कमिशनरकडे दिला गेला. पुढच्याच महिन्यात कर्झन आखाताच्या दौऱ्यावर निघाला. २१ नोव्हेंबर १९०३ रोजी शारजाच्या समुद्रात जहाजावर त्याने अरब शेखांचा दरबार भरवला. आम्ही तुमची जमीन घेतली नाही, तुमचं स्वातंत्र्य उलट राखलं, अशा अर्थाचं भाषण त्याने तिथे केलं.

सोनाळ्याच्या शेतकऱ्याला यातून काय फरक पडला?

बराच पडला. वऱ्हाडमध्ये इंग्रजांनी मुंबई इलाख्याच्या पद्धतीने जमीनमोजणी करून रयतवारी लावली. शेतकऱ्याचा थेट सरकारशी संबंध आला. शेजारच्या नागपूर, वर्धा भागात मात्र मालगुजारी होती. तिथे शेतकरी आणि सरकार यांच्यामध्ये मालगुजार होता. १९०३ नंतर एकाच राजधानीखाली दोन वेगवेगळ्या जमीनपद्धती चालत राहिल्या.

जिल्ह्यांच्या हद्दीही हलल्या. १९०५ मध्ये खामगाव आणि जळगाव जामोद हे तालुके अकोला जिल्ह्यातून काढून बुलढाण्याला जोडले गेले. सोनाळा ज्या संग्रामपूर तालुक्यात आहे, तो याच जळगाव भागातून पुढे वेगळा झाला.

सगळ्यात विचित्र प्रकार कायद्याचा होता. वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानात नसल्याने तिथले कायदे थेट लागू होत नसत. प्रत्येक कायदा सरकारी हुकुमाने वेगळा लागू करावा लागे, जसा परदेशी मुलखात करतात. १९१९ च्या सुधारणांनंतर नागपूरच्या विधान परिषदेसाठी वऱ्हाडात निवडणुका झाल्या, तेव्हाही निवडून आलेल्या माणसाला कागदोपत्री सरकारने 'नामनियुक्त' केलं असं दाखवावं लागे. मतं वऱ्हाडच्या माणसांची, पण सभासद मात्र सरकारने नेमलेला.

१९२३ ते १९२६: निजामाचा शेवटचा मोठा डाव

नवा निजाम मीर उस्मान अली खान १९११ मध्ये गादीवर आला. पहिल्या महायुद्धात त्याने इंग्रजांना भरघोस मदत केली. ऑक्टोबर १९२३ मध्ये त्याने व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगला लांबलचक पत्र लिहून वऱ्हाड परत मागितलं. आपल्या वडिलांवर १९०२ मध्ये दबाव आणला गेला, असं त्याचं म्हणणं होतं. वऱ्हाड परत मिळालं तर तिथल्या लोकांना जबाबदार राज्यकारभार देऊ, असं आश्वासनही त्याने दिलं.

वऱ्हाडातल्या शिकलेल्या, राजकारणात उतरलेल्या वर्गाला मात्र मोगलाईत परत जायचं नव्हतं. इंग्रजांचं राज्य नकोच होतं, पण त्याच्या जागी निजामाचंही नको होतं.

१९२५ मध्ये इंग्रजांनी नकार दिला. निजामाने पुन्हा लिहिलं की परराष्ट्र व्यवहार सोडले तर हैदराबाद आणि ब्रिटिश सरकार बरोबरीचे आहेत, तेव्हा हा वाद तपासायला आयोग नेमावा. २७ मार्च १९२६ रोजी रीडिंगचं उत्तर आलं. हिंदुस्थानात ब्रिटिश मुकुटाची सत्ता सर्वोच्च आहे, ती केवळ तहांवर उभी नाही, आणि कोणताही संस्थानिक बरोबरीच्या नात्याने बोलू शकत नाही, असा त्याचा आशय होता.

हे पत्र केवळ हैदराबादला नव्हतं. देशातल्या सगळ्या संस्थानिकांना त्यातून कळलं की तहाचा कागद इंग्रजांना सोयीचा असेल तोवरच चालतो. पुढे संस्थानांच्या हक्कांवर झालेल्या प्रत्येक चर्चेत हे पत्र आलं. त्याचं मूळ होतं वऱ्हाडचा वाद.

१९३६: 'बेरारचे युवराज' आणि तुर्की राजकन्या

निजामाला वऱ्हाड मिळालं नाही, पण मान मिळाला. ऑक्टोबर १९३६ च्या करारात त्याचं सार्वभौमत्व पुन्हा मान्य झालं. ब्रिटिश झेंड्याच्या जोडीने त्याचा झेंडा वऱ्हाडात फडकवायची मुभा मिळाली. निजामाला 'हैदराबाद आणि बेरारचे निजाम' अशी पदवी मिळाली, आणि त्याचा मोठा मुलगा आझम जाह 'प्रिन्स ऑफ बेरार' झाला. २५ लाखांचं भाडं चालूच राहिलं. १९३५ च्या कायद्याने 'मध्य प्रांत आणि वऱ्हाड' हा एकच प्रांत धरला.

आझम जाहची पत्नी होती दुरुशेहवार. ती शेवटचा ऑटोमन खलिफा दुसरा अब्दुलमजीद याची मुलगी. १९२४ मध्ये तुर्कस्तानने खिलाफत रद्द केली, कुटुंब देशोधडीला लागलं आणि १९३१ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात हे लग्न झालं. ज्या घराण्याशी इंग्रज कुवेत आणि कतारवरून भांडले, त्या घराण्याची मुलगी अकोला-अमरावतीच्या नावाने 'प्रिन्सेस ऑफ बेरार' झाली. राज्य नसलेल्या मुलखाची पदवी दोन्ही घराण्यांच्या वाट्याला आली.

१९४७: इंग्रज गेले, मग वऱ्हाड कोणाचं?

इंग्रज जाणार हे ठरल्यावर जुना कागद पुन्हा बाहेर आला. जुलै १९४७ मध्ये हैदराबादच्या शिष्टमंडळाने लॉर्ड माउंटबॅटनपुढे वऱ्हाडचा विषय काढला. युक्तिवाद साधा होता. पट्टा इंग्रजांशी केला होता. इंग्रज गेले की पट्टा संपला. पट्टा संपला की जमीन मूळ मालकाकडे.

कागदावर यात तथ्य होतं. पण तोपर्यंत वऱ्हाडातली माणसं पुढच्या महाराष्ट्राचा विचार करत होती. ८ ऑगस्ट १९४७ ला अकोल्यात वऱ्हाड-नागपूर आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या नेत्यांनी 'अकोला करार' केला. संयुक्त महाराष्ट्र कसा असावा, त्यात आपलं स्थान काय, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. निजामाचा पट्टा त्या चर्चेत कुठेच बसत नव्हता.

प्रत्यक्षात वऱ्हाडचा कारभार नागपूरहूनच चालू राहिला. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाईने हैदराबाद भारतात आलं आणि वऱ्हाडवर हक्क सांगणारं सरकारच उरलं नाही. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली, मध्य प्रांत आणि वऱ्हाडचं मध्य प्रदेश राज्य झालं. १९५६ मध्ये वऱ्हाड, नागपूर आणि निजामाच्या राज्यातला मराठवाडा हे तिघेही द्विभाषिक मुंबई राज्यात आले, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. बुलढाणा आणि जालना यांच्यामधली वऱ्हाड-मोगलाईची सीमा आता फक्त जिल्ह्याची हद्द आहे.

वऱ्हाडचा प्रश्न मिटला, कुवेतचा का पेटला?

आखातात असं झालं नाही. १९१३ मध्ये इंग्रज आणि तुर्कांनी एक करार करून ठेवला होता. त्यात कुवेत हा ऑटोमन साम्राज्याचा स्वायत्त भाग मानला होता. महायुद्ध सुरू झालं आणि करार मंजूर झालाच नाही. पण १९६१ मध्ये कुवेत स्वतंत्र होताच इराकने जुन्या ऑटोमन हक्काचा आधार घेऊन त्यावर दावा सांगितला, आणि २ ऑगस्ट १९९० ला सद्दाम हुसेनच्या फौजा कुवेतमध्ये घुसल्या. आखातात नोकरीला असलेली हजारो भारतीय कुटुंबं त्यात अडकली आणि विमानांनी परत आणावी लागली.

वऱ्हाडमध्ये दावा सांगणारं संस्थान आणि दावा असलेला मुलूख, दोन्ही एकाच देशात आले. जमिनीवर राहणाऱ्या माणसांना मत मिळालं. म्हणून जुना कागद जुनाच राहिला. जिथे असं झालं नाही, तिथे शंभर वर्षांपूर्वीच्या सह्यांवरून रणगाडे निघाले.

१७२४ पासून झालेल्या एकाही तहावर, सनदेवर किंवा पट्ट्यावर सोनाळ्याच्या माणसाची सही नव्हती. देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली. "राज्य कोणाचं?" हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा गावातल्या प्रत्येक प्रौढ माणसाला विचारला गेला.

वऱ्हाडच्या वादातली महत्त्वाची वर्षं

- १७२४: साखरखेर्ड्याची लढाई, निजामाचा अंमल
- १८०३: आडगावची लढाई, देवगावचा तह
- १८०४: वऱ्हाड निजामाकडे
- १८५३: वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे
- १८६०: नवा तह, हिशेब मागण्याचा हक्क गेला
- १९०२: कायमचा पट्टा, वर्षाला २५ लाख
- १९०३: वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं
- १९२६: लॉर्ड रीडिंगचं पत्र
- १९३६: 'प्रिन्स ऑफ बेरार' पदवी
- १९४८: हैदराबाद भारतात
- १९५६: वऱ्हाड मुंबई राज्यात
- १९६०: वऱ्हाड महाराष्ट्रात